रोड बाईक अंगाला बसेपर्यंत

नवी रोड बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची सायकल, घेतली की नाशिकमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "चालवत राहा, सवय होईल." दुसरा, "सीटला जेलचं कव्हर लावून टाका." पहिला निम्मा खरा आहे. दुसरा मी वैऱ्यालाही देणार नाही.

निम्मा खरा अशासाठी, की रोड बाईकवरची काही दुखणी अंग स्वतःच जिरवतं. मांड्या भरून येणं, बैठकीची हाडं ठणकणं, पोटऱ्यांत गोळे येणं ही त्यातली. पण बोटं बधिर होणं, गुडघा पुढून टोचणं, नाजूक जागी मुंग्या येणं ही सवयीने जाणारी नव्हेत. त्यांचं मूळ सायकलच्या मापात असतं. माप बदललं नाही तर कितीही किलोमीटर घाला, ती तिथेच राहतात, कधी मुरतातही. कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्यासाठी अ‍ॅलन की (सायकलचे स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) हातात घ्यायची, हे उमगायला माझा एक पावसाळा आणि जवळजवळ सबंध हिवाळा गेला.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय चाळिशीच्या पुढे, उंची पाच फूट तीन इंच, राहायला आनंदवल्लीत. शाळेत सायकल होती, त्यानंतर थेट स्कूटर. पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरकडे निघालेले सायकलवाले गॅलरीतून दिसायचे. त्यांच्यात हेल्मेटखालून पोनीटेल उडवत जाणारी एक बाई असायची. तिच्याकडे बघून घेतली, दुसरं काही मोठं कारण नाही. घरी किंमत सांगताना थोडी खाली उतरवून सांगितली.

या गावात सायकलचं वेड नवं नाही. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 2015 साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूरची सायकलवारी तर दरवर्षीची. त्यामुळे प्रत्येक सोसायटीत एक तरी जाणकार असतोच. आमच्याकडे एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका आहेत. महाजन बंधूंची कथा त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवली. ऊर भरून आला. पण सोमेश्वर ओलांडताच जिची करंगळी बधिर होते, तिला त्या कथेचा उपयोग काय?

तर करंगळीपासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला.

स्कूटरवर सगळं वजन बुडावर असतं. रोड बाईकवर ते तीन ठिकाणी वाटलं जातं: सीट, पॅडल आणि हँडल. यात पॅडलचा वाटा पायांच्या जोरावर ठरतो. पाय जितका दाब देतील तितकं बूड आणि हात हलके होतात. नवीन माणूस पाय नुसते फिरवत असतो, त्यामुळे उरलेलं ओझं तळहातांवर येतं. तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून एक नस जाते. तिच्यावर सतत दाब आला आणि वर रस्त्याचे हादरे बसले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपी जातं. रोड बाईकचं हँडल वाकडं असतं ते नुसतं दिसायला नाही. वरची आडवी दांडी, ब्रेकच्या लिव्हरवरचे रबरी हूड आणि खालचे वळलेले ड्रॉप, अशा हात ठेवायच्या तीन जागा त्यावर असतात. दर थोड्या वेळाने जागा बदलायची. मी मात्र हूड धरले की घरी येईपर्यंत सोडत नसे.

काका एका रविवारी गंगापूर गावापर्यंत माझ्या मागून आले आणि चहाच्या टपरीवर थांबताच म्हणाले, "अगं, हँडल आवळून काय धरतेस? पळून जाणार आहे का ते? कोपरं सैल सोड. धरल्या धरल्या हँडलवर पेटी वाजवता आली पाहिजे."

"काका, खांदे वर जातात माझे. आपोआप."

"जाणारच. दर चौकाला आठवण कर. श्वास सोडायचा आणि खांदे खाली."

याने बराच फरक पडला, पण करंगळी पूर्ण सुटली नाही. मग मी कंपनीतली स्पिरिट लेव्हल घरी आणली (नोंद करून आणली, उगाच गैरसमज नको) आणि सीटवर ठेवली. सीटचं नाक बऱ्यापैकी खाली झुकलेलं निघालं. दुकानातल्या मुलाने ते मुद्दामच तसं बसवलं होतं, "ताई, लेडीजना असंच बरं पडतं" म्हणून. नाक खाली म्हणजे अंग सतत पुढे घसरणार, आणि ते मागे रेटायचं काम हातांना लागणार. तळहातांचं दुखणं सीटमध्ये असू शकतं, हे मला अगोदर कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. सीट सपाट केली, अगदी जाणवेल न जाणवेल एवढा उतार ठेवला, आणि त्याच आठवड्यात हात सुटले.

हात सुटले आणि दुसरीकडे धरलं. आता सीटचं नाक पुढच्या नाजूक भागात रुतायला लागलं. या विषयावर पुरुष सायकलवाले विनोद करतात आणि बायका गप्प बसतात, म्हणून स्पष्ट लिहिते. सीटवर टेकायला हवीत ती बैठकीची दोन हाडं. सीट त्यांच्या मानाने अरुंद असली की हाडं बाजूला लोंबतात आणि सगळा भार मधल्या मऊ भागावर येतो. बायकांच्या या दोन हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. जेलचं कव्हर इथेच घात करतं. हाडं त्यात बुडतात, जेल मध्ये फुगून वर येतं आणि नेमकं जिथे दाबायला नको तिथे दाबतं. अर्ध्या तासासाठी छान वाटतं, गिरणारे गावापर्यंत जाऊन यायचं म्हटलं की कळतं.

माप घरी घेता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवायचा, त्यावर बसून गुडघे छातीशी घ्यायचे आणि उठून दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. मी बसलेली असताना सासूबाई जिन्यात आल्या.

"अगं, पुठ्ठ्यावर काय बसलीस?"

"माप घेतेय, आई."

"कसलं?"

मी म्हटलं, सायकलचं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

अंतर साडेबारा सेंटीमीटर भरलं. सीट त्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद असावी असा अंदाज धरतात. सायकलबरोबर आलेली तेरा सेंटीमीटरची होती. म्हणून रुंद आणि मधे खाच असलेली सीट घेतली. बोटाने दाबली तर जुनीपेक्षा कडक. पहिले काही दिवस हाडं ठणकली, आणि ते ठणकणं मी निमूट सोसलं, कारण आता भार योग्य जागी होता. ही दुखणी सवयीच्या खात्यातली. ती गेलीसुद्धा.

पॅड असलेल्या शॉर्ट्सबद्दल मला सांगितलं ते त्या पोनीटेलवाल्या ताईंनी. सोमेश्वरच्या वळणावर ओळख झाली होती. त्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, त्याची शिवण घासून जखमा होतात, हे त्यांनी मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत सांगितलं. दर वेळी धुवायची, ओलसर घालायची नाही, घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावायची. वरून सैल ट्रॅकपँट घातली तर तिची शेव चेनमध्ये जाते. तेव्हा लोक काय म्हणतील हा प्रश्न गंगापूर रोडवरच सोडवून टाकावा लागतो. लोक काही म्हणत नाहीत. पहाटे साडेपाचला त्यांना स्वतःचंच पुरे असतं.

सीटची उंची हे वेगळं प्रकरण. मला दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे होते, स्कूटरची सवय. त्यासाठी सीट खाली ठेवली की पॅडल वर असताना गुडघा फार दुमडतो आणि पुढच्या बाजूने, वाटीपाशी दुखायला लागतो. उलट गुडघ्याच्या मागची शीर ओढली गेली किंवा कंबर डावी-उजवी हलायला लागली, तर सीट फार वर. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं एक गणित आहे. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची, तिला 0.883 ने गुणायचं. येईल तेवढं अंतर क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथून, सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. माझे 74 सेंटीमीटर, म्हणजे 65.3. सायकलवर मोजलं तर 62 होतं! तीन सेंटीमीटर एकदम वाढवले असते तर दुसरंच काही दुखलं असतं, म्हणून पाच-पाच मिलिमीटर करत वर गेले आणि 65 वर थांबले. गणितापेक्षा किंचित खाली, पण गुडघ्याला तेच मानवलं.

एवढ्या उंचीवर बसल्या जागेवरून पाय जमिनीला पोचत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन बाजूंना पाय घ्यायचे असतात: एक पाय खालच्या पॅडलवर उभा, दुसरा जमिनीवर. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटवलं. वॉचमनदादांना माझी कीव आली असावी. पण हे जमल्याशिवाय सीट वर घेता येत नाही आणि सीट वर घेतल्याशिवाय गुडघा सुटत नाही, म्हणून मी तर म्हणेन रोड बाईकवर पहिल्यांदा थांबायला शिकावं.

सीट पुढे-मागे करण्यासाठी ओळंबा लावला. दोऱ्याला नट बांधला, पॅडल आडवं, पुढे. गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पॅडलच्या आसावर यायला हवा. मी भिंतीला टेकून सायकलवर, काका जमिनीवर बसून दोरा बघताहेत, असा तो कार्यक्रम. हा काही निसर्गनियम नव्हे, सुरुवात कुठून करायची एवढं त्यातून कळतं.

क्वालिटीत इतकी वर्षं काढल्याचा फायदा इथे झाला. एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद. सीट पाच मिलिमीटर वर. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत काय दुखलं, काय नाही. सीट, स्टेम आणि टायरची हवा एकाच दिवशी बदलली तर सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि बिघडलं तर परतायचं कुठे तेही नाही. सीटच्या दांडीवर इन्सुलेशन टेपची पट्टी लावून ठेवा, म्हणजे मूळ जागा सापडते.

आता हवा. दुकानातून 100 पीएसआय भरून आली होती. टायर 28 मिलिमीटरचे, माझं वजन 58 किलो. या हिशेबाने ती फारच जास्त होती. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले, खडी, तात्पुरते डांबराचे ठिगळ. प्रत्येक खडा थेट मनगटात. पुढे 60 आणि मागे 65 वर आणली आणि असं वाटलं की कुणीतरी रात्रीत गंगापूर रोड नवा केला. इतका फरक ना सीटने पडला, ना हातमोज्यांनी. फार कमीही ठेवू नये, खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटून पंक्चर होते. या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. पेट्रोल पंपावरची हवा त्याला पितळी अडॅप्टरशिवाय बसत नाही, म्हणून घड्याळवाला उभा पंप घरात हवाच.

लांबीचा प्रश्न उरला होता. फ्रेम सगळ्यात लहान घेऊनही हूडपर्यंत पोचताना पाठ ताणली जायची. स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, 100 मिलिमीटरचा होता. तो 80 चा लावून घेतला आणि त्याखालचे स्पेसर, म्हणजे हँडल उंच ठेवणाऱ्या कड्या, आहेत तसे ठेवले. जाणकार मंडळी स्पेसर काढून हँडल खाली घ्या, वेगवान दिसतं, असं सांगतात. दिसू दे. माझ्या हातांना ब्रेकची लिव्हरही लांब पडायची. बऱ्याच लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलकडे सरकते. दुकानात कुणी आपणहून हे सांगितलं नाही. छोट्या हातांच्या प्रत्येकीने मागून करून घ्यावं, कारण ब्रेकवर बोट पोचत नसेल तर माणूस घाबरून हँडल आवळतो आणि मग करंगळीची कहाणी पुन्हा पहिल्यापासून.

मान आखडायची त्याचं कारण मात्र सायकलवर सापडलंच नाही. मी चष्मा लावते. पुढे झुकलं की नजर काचेच्या वरच्या काठावरून जाते, मग नीट दिसावं म्हणून मान आणखी उचलली जाते. हेल्मेटचा पुढचा व्हायझर काढून टाकला, चष्म्याला मागे दोरी लावून तो वर ओढून घेतला, प्रश्न मिटला. काकांनी यावरही अमेरिकेची गोष्ट काढलीच. त्या शर्यतीत काहींची मान दिवसेंदिवस वर धरून इतकी थकते की डोकं उचलताच येत नाही. मायकेल शर्मर नावाच्या स्पर्धकावरून तिला 'शर्मर्स नेक' म्हणतात. मी आनंदवल्ली ते गिरणारे जाते, काका.

जूनमध्ये त्र्यंबक रोडला गेले आणि वाटलं, सगळी मापं पुन्हा चुकली. सातपूर सुटल्यावर बेळगाव ढग्यापासून पुढे पाय जड, वेग घसरलेला, खांदे पुन्हा कानाला. रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. पण त्र्यंबक नाशिकपेक्षा उंचावर आहे, आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे नेमका समोरून. दोन्ही मिळून माणसाला स्वतःबद्दल शंका येते. अंजनेरीला टेकले, मागे वळले, आणि तीच सायकल, तेच पाय, परतीला पाखरासारखे. तेव्हापासून पावसाळ्यात जायचा वेग बघायचाच नाही असं ठरवलं. समोरच्या वाऱ्यात हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवायचे. जड गिअर रेटत राहिलं की गुडघे बोलतात. मिनिटाला 80 च्या आसपास फेरे होऊ लागल्यावर माझं बूडही कमी दुखायला लागलं.

ड्रॉपवर, अगदी खाली हात ठेवून चालवायची भीती सगळ्यात शेवटी गेली. खाली वाकलं की तोंडावर पडू असं वाटतं. खरं तर उतारावर तीच जागा भरवशाची. तिथून ब्रेकला जोर जास्त मिळतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही. आधी सपाट रस्त्यावर, रहदारी नसताना, थोडा थोडा वेळ. मग अंजनेरीकडून येताना. कोपरं सैल, वजन मागे. ज्या दिवशी खाली हात असताना मागून येणाऱ्या एसटीकडे वळून बघता आलं आणि सायकल रेषेतून हलली नाही, त्या दिवशी मी घरी तो प्रसंग जेवताना दोनदा सांगितला.

गटाबरोबर जायला लागले ते हिवाळ्यात. नाशिकच्या थंडीत पहाटे पूर्ण बोटांचे हातमोजे हवेत, नाहीतर ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही. टोमॅटोच्या दिवसांत गिरणाऱ्याच्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या गाड्या असतात आणि चेंगरलेला टोमॅटो तेलाइतका निसरडा असतो. पुढचा माणूस हात खाली करून बोट दाखवतो ते त्यासाठी. गटात मिसळ हा मुख्य विषय आणि सायकल हा जोडविषय. माझी हरकत नाही, पण तर्री ओरपून लगेच सीटवर बसू नये. हे मात्र सवयीने जाणाऱ्या दुखण्यांतलं नाही.

सध्या नवीन प्रकरण पायांचं आहे. पॅडलला अडकणारे बूट घेतलेत, दोन स्क्रूच्या क्लीटचे (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाचा, पॅडलमध्ये अडकणारा तुकडा), म्हणजे उतरून चालता येतं. थांबायच्या आधीच टाच बाहेर फिरवून पाय सोडवायचा, हे पार्किंगमध्ये पुन्हा घोटवलं. पण तासाभरानंतर डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात, उजव्याला नाही. बुटाची पट्टी सैल करून झाली, थोडं कमी झालं, गेलं नाही. आता डाव्या बुटाचं क्लीट तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवायचं, उजवं आहे तिथेच. वहीत तारीख टाकली आहे. रविवारी दुगावपर्यंत जाऊन बघते.